परसातल्या झाडावरचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या परसातल्या रायवळ आंब्यावर पोरांसाठी माळा बांधला, त्याला आता चार पावसाळे झाले. मे महिन्यात गावी येणारा प्रत्येक चाकरमानी परसात डोकावतो, मान वर करून बघतो आणि खिशातून फोन काढतो. मुंबईला परतला की व्हॉट्सॲपवर त्याचे प्रश्न सुरू. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे लाकूड, पाऊस, किडामुंगी सगळं कोकणातलं आहे. घाटावरच्यांनी आपल्या हवामानाप्रमाणे बदल करून घ्यावा.

आमच्याकडे झाड आहे. त्यावर घर होईल का?

कुठलं झाड, यावर सगळं आहे. रायवळ आंबा, चिंच, फणस, वड ही भार पेलणारी झाडं. चिंचेचं लाकूड चिवट आणि मुळं खोल, त्यामुळे घाटावर चिंच असेल तर दुसरीकडे बघूच नका. फणस मजबूत, फक्त धरला की फळं थेट खोडाला लागतात आणि दहा-पंधरा किलोचा फणस कुणाच्या डोक्यावर पडायला नको. वड उत्तम, पण परसात वड असणारा माणूस विरळाच.

नको ती झाडं: शेवगा तर फांदीवर माणूस चढला तरी मोडतो. जांभळावरून पडून हात मोडलेला एक तरी माणूस प्रत्येक गावात असतो. फांदी जाड दिसते आणि काडकन तुटते. काजूचं तेच. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात, मोठ्या पावसात अख्खं झाड आडवं होतं. उंबर आतून पोकळ निघतो. पिंपळावर लाकूडफाटा न्यायला आमच्याकडे सुतारच तयार होत नाहीत, तेव्हा तो वाद मिटलेलाच आहे.

खोडाचा घेर छातीच्या उंचीवर निदान साडेतीन फूट हवा. त्याहून कमी भरला तर झाड अजून लहान आहे.

कलमी हापूसवर बांधलं तर?

नका बांधू. एक म्हणजे कलम बुटकं असतं आणि फांद्या खालूनच फुटतात, त्यामुळे जागा मिळत नाही. खरं कारण दुसरंच. हापूसच्या बागेत पालवीपासून फळ सुपारीएवढं होईपर्यंत कीटकनाशकांच्या पाच-सहा फवारण्या होतात. ज्या फांदीवर औषध बसतं त्याच फांदीला पोरं लोंबकळणार, हात न धुता चिवडा खाणार. आमच्या रायवळाला आजोबांच्या काळापासून औषधाचा थेंब लागलेला नाही, म्हणून त्याची निवड झाली. त्याची फळं आंबट, बिटकी आणि दोऱ्यांनी भरलेली आहेत. रायत्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. पण त्यामुळेच ते झाड पोरांना मिळालं.

झाड आतून चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

आंब्याला पहिली भीती खोड पोखरणाऱ्या भिरूडाची. खोडाला भोक आणि बुंध्याशी ताजा भुसा दिसला की अळी आत आहे असं समजा. लाकडी हातोडीच्या उलट्या बाजूने खोडावर सगळीकडून ठोकत जा. भरीव लाकडाचा आवाज घट्ट येतो, पोकळ जागी ढोल वाजतो. बुंध्याशी कानासारखी अळंबी उगवली असेल तर मुळं कुजताहेत. दोन जाड फांद्या अगदी चिकटून, अरुंद कोनात वर गेल्या असतील तर त्यांच्यामध्ये साल अडकलेली असते आणि तो सांधा वाऱ्याला फाटतो. शेंड्याकडे बांडगूळ माजलं असेल तर आधी ते काढून घ्या, त्याचं वजन कमी नसतं.

आणि एकदा वर नव्हे, खाली बघा. झाडाच्या एका अंगाची जमीन फुगलीय किंवा तिला भेगा पडल्यात का? गेल्या काही वर्षांत घर बांधताना, विहीर उपसताना, रस्ता रुंद करताना कुणी मुळं तोडली का? हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यांना सगळं आठवत असतं.

खिळे मारले तर झाड मरतं का? त्यापेक्षा दोराने किंवा तारेने बांधलं तर बरं ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर लोकांना उलटं वाटतं. खिळ्यापेक्षा तार वाईट.

सालीच्या लगेच आत, पापुद्र्यासारख्या थरातून पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांकडे जातं. पाणी वर चढतं ते त्याच्या आतल्या लाकडातून. खोडाभोवती किंवा फांदीभोवती तार आवळली की झाड जाड होत जातं, तार तिथेच राहते आणि अन्नाची वाट बंद होते. तारेच्या वरच्या बाजूला साल फुगून वळ्यासारखी येते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१९ मध्ये आम्ही पहिला माळा असाच केला होता: दोन फांद्यांना जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेचे चार-चार वेढे आणि वर फळ्या. दिसायला झकास, झाडाला एकही भोक नाही म्हणून आम्ही खूश. दोन वर्षांत सालीने तार गिळली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून वर गेलं त्या रात्री धाकटी फांदी तुटली ती बरोबर तारेच्या जागी, जणू कुणी आरी लावली होती. तुटलेल्या टोकात तारेचे वेढे तसेच होते. तो तुकडा अजून पडवीत ठेवलाय, कुणी तारेचा विषय काढला की दाखवतो.

भोक पाडल्यावर काय होतं? झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंत उभी करतं, कूज पसरू देत नाही आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणून वीस खिळ्यांच्या वीस जखमांपेक्षा एकच जाड बोल्ट परवडतो. दोन बोल्ट लागले तर त्यांच्यात निदान एक फुटाचं अंतर हवं, नाहीतर दोन्ही जखमा आतून एक होतात. भोकाला रंग, डांबर, शेण काही लावू नका. आंब्याचा चीक दोन-चार दिवस गळतो, गळू द्या. तो अंगावर घेऊ नका एवढंच, भाजल्यासारखे डाग पडतात.

झाड वाढलं की घरही वर जाईल का?

नाही. झाड उंच होतं ते फक्त शेंड्याकडून. आज पाच फुटांवर मारलेला खिळा पन्नास वर्षांनीही पाच फुटांवरच असतो. शाळेतल्या झाडावर कोरलेली नावं म्हणून तर अजून डोळ्यांसमोर आहेत, आकाशात गेली नाहीत.

झाड जाड मात्र होत राहतं. फळ्यांतून खोड किंवा फांदी वर जात असेल तर तिच्याभोवती सगळीकडून चार बोटं मोकळी जागा सोडा. सुतार म्हणेल, "फट दिसते, बरी नाही दिसत." त्याचं ऐकू नका.

मग भार झाडावर द्यायचा की खांबांवर?

माझं मत: खांबांवर. आमचा माळा चार खांबांवर उभा आहे, झाडाला कुठेही टेकलेला नाही. एक फांदी फळ्यांमधून वर येऊन छपराच्या बाजूने बाहेर जाते, बस्स. चुलतभाऊ म्हणतो, "हे झाडावरचं घर नव्हेच, झाडाखालचं टेबल आहे." म्हणू दे. पोरांना पाना-फांद्यांत बसायला मिळतं, आणि झाडाला पत्ताही लागत नाही.

अमेरिकेत यासाठी खास जाडजूड बोल्ट मिळतो. ऑरेगॉन राज्यातल्या मायकेल गार्नियर यांनी तो प्रकार रूढ केला, म्हणून त्याला 'गार्नियर लिंब' म्हणतात. मधली जाड कॉलर खोडात रुतून बसते आणि एकेक बोल्ट कित्येक टन पेलतो. आपल्या तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये तो मागितलात तर दुकानदार चहा पाजून परत पाठवील. जागाच अशी असेल की एक बाजू झाडावर घ्यावी लागते, तर २० मिलीमीटरचा आरपार आट्याचा रॉड, दोन्हीकडे मोठे वायसर आणि तुळई खोडापासून दोन-तीन बोटं पुढे, असं करा. पण त्या तुळईचं दुसरं टोक खांबावर गच्च आवळू नका. वाऱ्यात झाड हलतं, खांब हलत नाही, आणि मधला बोल्ट तुटतो. तिथे लोखंडी पट्टीला लांबट भोक ठेवा म्हणजे तुळई मागे-पुढे सरकेल.

खांबांचे खड्डे अडीच ते तीन फूट खोल, खोडापासून जमेल तितके लांब. मनगटाएवढं मूळ लागलं तर ते तोडू नका, खड्डा सरकवा. लाकडी खांब मातीत गाडू नका, वाळवीला आमंत्रण देऊ नका. काँक्रीटच्या पायावर लोखंडी बूट बसवून खांब जमिनीपासून वीतभर वर घ्या.

किती मोठं आणि किती उंच?

आठ बाय आठ फूट पुष्कळ होतं. उंची सहा ते सात फूट, म्हणजे खालून मोठं माणूस डोकं न आपटता जातं. लोकांना पंधरा फुटांवर हवं असतं. पंधरा फुटांवर बांधलेल्या माळ्यावर पोरं दोनदा जातात, फोटो काढतात आणि विषय संपतो. सहा फुटांवरच्या माळ्यावर दिवसातून वीस वेळा जातात.

भाराचा हिशोब असा: राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला २०० किलो भार धरायचा, हे आपल्याकडचं मानक. आठ बाय आठ म्हणजे जवळजवळ सहा चौरस मीटर, म्हणजे बाराशे किलो. चार पोरांसाठी हे फार वाटेल. पण गणपतीत सगळी चुलत-मावस भावंडं, दोन काका आणि पत्त्यांचा डाव एकदम वर चढतो तेव्हा फार वाटत नाही. आम्ही दोन मुख्य तुळया ३ बाय ६ इंचांच्या घेतल्या, त्यांवर आडवे दांडे २ बाय ५ इंचांचे, सव्वा-सव्वा फुटावर. फळ्यांमध्ये पाव इंच फट ठेवली, पाणी निथळायला.

लाकूड कोणतं घ्यावं? बांबू चालेल का?

जुनं लाकूड मिळालं तर तेच. गावोगावी कौलारू घरं पाडून स्लॅब पडतोय. त्या घरांच्या ऐन आणि किंजळीच्या तुळया, वासे पन्नास-साठ वर्षं मुरलेले असतात. आता ते वळत नाहीत की चिरत नाहीत. आमचे खांब मावशीच्या मोडलेल्या माजघरातून आले. एका खांबावर पाळण्याच्या कड्याचं भोक आहे. माझी आई त्या पाळण्यात झोपलेली. जुन्या लाकडातले खिळे मात्र रंध्याआधी काढून घ्या, नाहीतर सुताराची शिवी खावी लागते. नवं घ्यायचं तर साग महाग, ऐन बरा. पोफळीच्या पट्ट्या कठड्याला छान दिसतात. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड पहिल्याच आषाढात फुगून पानं सुटल्यासारखे होतात.

बांबू चालतो, पण माणगाच घ्या. तो जवळजवळ भरीव असतो, बोल्ट मारला तरी फाटत नाही. कोवळा नको, तीन वर्षांवरचा, आणि पावसाळा संपल्यावर तोडलेला, कारण तेव्हा त्यात कीड लावणारा पिठूळपणा कमी असतो. बोरिक ॲसिड एक भाग, बोरॅक्स दीड भाग, असं पाच टक्क्यांचं द्रावण करून त्यात बुडवून ठेवलं की भुंगा लागत नाही. हे औषध पावसाने धुऊन जातं, म्हणून बांबू छपराखाली वापरा, उघड्यावर नको.

समुद्राजवळ असाल तर लोखंडाकडे लक्ष द्या. साधे बोल्ट दोन वर्षांत गंजून निम्मे होतात. गरम जस्तात बुडवलेले घ्या. स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ नंबरचं, ३०४ ला खाऱ्या हवेत डाग पडतात.

छप्पर?

कौलं वर चढवू नका, वजन फार आणि एखादं घसरलं तर खाली कुणीतरी असतंच. पत्रा टिकतो, पण आषाढात वर बसून बोलता येत नाही इतका आवाज. आम्ही माडाची झापं घातली. दर मे महिन्यात शाकारणी करावी लागते, आणि खरं सांगायचं तर पोरांना माळ्यापेक्षा शाकारणीचा दिवसच जास्त आवडतो. भिंती नाहीत. कोकणात भिंती घातल्या की बुरशी, आणि वाऱ्याला शिडासारखं अंग मिळतं.

परवानगी लागते का?

शहरात असाल तर आधी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जा. महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे. त्यात झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी फांदी छाटायला परवानगी लागते आणि झाडाला इजा करणंही तोडण्यातच मोडतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं, त्याचे नियम आणखी कडक. गावात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो. आंबा, चिंच, साग, जांभूळ, ऐन, किंजळ ही त्याच्या यादीतली झाडं, तोडायला परवानगी लागते. बांबूचं सोपं झालंय: २०१७ मध्ये केंद्राने वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून तो काढला, त्यामुळे आपल्या जमिनीतला बांबू तोडणं-नेणं सुटसुटीत झालं. बांधकामाबद्दल ग्रामपंचायतीत तोंडी का होईना विचारून ठेवा. आणि सोसायटीच्या आवारातलं झाड असेल तर कायद्याच्या आधी खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा.

कधी बांधावं?

दिवाळीनंतर ते मोहोर फुटेपर्यंत. जमीन कोरडी, लाकूड सुकं, गडी मिळतात. मार्चनंतर सगळे आंब्याला जुंपलेले, सुतार हातात करंडी घेऊन भेटतो. चार दिवसांसाठी परांची बांधून घ्या. आम्ही शिडीवर निभावायला गेलो आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप परांचीवाल्याला फोन केला.

पोरं पडली तर?

पडतात. म्हणून उंची कमी आणि खाली मऊ. माळ्याखालचे चिरे, पाट्या-वरवंटे, धुण्याचा दगड आधी उचला. नऊ इंच ते फूटभर वाळू पसरा, माळ्याच्या कडेच्या बाहेर सहा फूटपर्यंत. कठडा निदान तीन फूट उंच. त्याच्या पट्ट्या उभ्या हव्यात, आडव्या लावल्या की त्याची शिडी होते. दोन पट्ट्यांत चार इंचांपेक्षा कमी अंतर, म्हणजे लहान डोकं अडकत नाही. चढायला थोडी तिरकी निसण, म्हणजे शिडी, ठेवा. लोंबता दोर नको. पोरांचा एक खेळ ठरलेला असतो आणि त्यात कुणीतरी फाशीचा कैदी असतो.

हुमले, माकडं, साप?

हुमले म्हणजे ओंबील, आंब्याची पानं शिवून घरटं करणाऱ्या त्या तांबड्या मुंग्या. त्या चावतात, पण आंब्यावरचे किडेही खातात. सगळी घरटी काढू नका, माळ्याजवळची दोन-तीन पहाटे गारव्यात फांदीसकट कापून लांब टाका. वानरं येतात, छपराची झापं उपसतात. वर खायचं ठेवलं नाही तर कमी येतात. हिरवा हरणटोळ आमच्याकडे दरवर्षी दिसतो, त्याच्या विषाने माणसाला धोका नसतो, त्याच्या वाटेने जातो. वर चढण्याआधी काठीने फळ्यांवर ठोकायची सवय पोरांना लावलीय. रात्री माळा बंद.

विजा चमकत असताना?

लगेच खाली आणि घरात. मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन्ही वेळा धोक्याच्या. पहिला गडगडाट ऐकला की निसण उतरायची, डाव अर्धा असला तरी. फोनवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप ठेवा, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय.

वर लाइट-पंखा घ्यावा का?

नको. सौर दिवा पुरतो.

आमच्या परसात फक्त माड-पोफळी आहेत.

माडाला बोल्ट मारू नका. त्याला आंब्यासारखी साल नाही आणि खोड वर्षागणिक जाडही होत नाही, त्यामुळे पाडलेलं भोक कायमचं उघडं राहतं. माडाखाली पोरांना बसवणंही शहाणपणाचं नाही, नारळ वेळ बघून पडत नाही. मोकळ्या जागेत चार खांबांवर मचाण करा. ज्वारीच्या शेतात गोफण घेऊन राखणीला बसायचे तो माळा तसाच असायचा, आणि बुद्ध पौर्णिमेच्या रात्री ताडोबा-मेळघाटात पाणवठ्यावर प्राणी मोजायला लोक बसतात तेही मचाणावरच. झाड हवंच असं काही नाही.

खर्च किती?

जुनं लाकूड घरचं असेल तर सुताराची मजुरी हाच मोठा आकडा, त्याखालोखाल बोल्ट-लोखंड. पैसे वाचवायचे तर छपरात आणि आकारात वाचवा, बोल्टमध्ये नाही. पर्यटकांना भाड्याने देऊन वसूल करू, असं विचारणारेही भेटतात. अनोळखी माणसं वर झोपणार असतील तर अभियंत्याकडून आराखडा करून घ्या, ते काम या उत्तरांच्या पलीकडचं आहे.

दरवर्षी काय करावं लागतं?

मे महिन्यात एक दिवस. सगळे बोल्ट पान्याने तपासायचे, फळ्यांवर पाय आपटत फिरायचं, सुकलेल्या फांद्या झाडावर चढणाऱ्या पाडेल्याकडून काढून घ्यायच्या, कठडा दोन्ही हातांनी हलवायचा. आणि फांदीभोवतीची फट मोजायची. आमची चार बोटांची होती, पूर्वेच्या अंगाला आता अडीच उरलीय. दिवाळीनंतर सुतार येऊन फळ्यांतलं गोल भोक मोठं करणार आहे. त्यातून निघणाऱ्या लाकडाच्या चंद्रकोरींवर धाकटीने आतापासूनच हक्क सांगितलाय, तिला त्यांच्या होड्या करायच्या आहेत.